पावसात उमगलेला दोष

वारीच्या वाटेवर पावसाला कोणी नावे ठेवत नाही. पेरणी उरकून किंवा पेरणी घरच्यांवर सोपवून निघालेला शेतकरी दिवे घाटात अंगावर सर आली की सुखावतो. इथे पडतो आहे म्हणजे गावाकडेही पडत असेल, एवढाच त्याचा हिशेब. प्लास्टिकचा कागद डोक्यावर घ्यायचा आणि टाळ चालू ठेवायचे. मीही इतकी वर्षे तेच केले. पण तीन वर्षांपूर्वीच्या आषाढी वारीत मी ढग पाहून धास्तावू लागलो, आणि त्याला कारण होते माझी मोटरसायकल.

दिंडी म्हटली की विणेकरी, टाळकरी, पखवाजवादक, तुळशीवृंदावन घेतलेल्या माउली डोळ्यांपुढे येतात. पण दिंडीमागे आणखी एक दिंडी असते. सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, स्वयंपाकाची माणसे, आणि पहाटेच पुढे जाऊन तळावर जागा धरणारा एखादा गडी. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून हे पुढे जायचे काम माझ्याकडे आहे. पुढच्या मुक्कामी राहुट्या कुठे लागणार, टँकर कुठून भरायचा, पंगत कोणाकडे, हे सगळे मी गाडीवरून पाहतो. वाटेत कोणाचा पाय मुरगळला, कोणाला चक्कर आली, तर त्याला आरोग्य पथकापर्यंत नेणे हेही आलेच. गाडी जुनी, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली. पुढे भगवी पताका बांधलेली. रोज पहाटे आंघोळ झाली की मी तिच्या टाकीला गंध-बुक्का लावतो आणि टाकीच्या झाकणावर तुळशीचे पान ठेवतो. तीही माझ्याबरोबर वारी करते, अशी माझी भावना आहे. या तुळशीच्या पानाचा आणि बुक्क्याचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी पुण्याहून सासवडला निघालो तेव्हा घाटात भुरभुर पाऊस होता. अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला. बंद पडली नाही. जागेवर उभी केली की टुकटुक चालायची, पण मूठ पिळली की झटके खायची, मिसिंग मारायची आणि चढ घ्यायची नाही. मागे तांदळाचे पोते होते. वजन जास्त झाले असेल, असे म्हणून मी पोते ट्रकवर चढवले. सासवडला ऊन पडले, गाडी नीट चालू लागली आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव हे सगळे मुक्काम कोरडे गेले. गाडीची तक्रार नव्हती.

फलटणच्या पुढे एका गावात आमच्या दिंडीची दरवर्षी एक पंगत ठरलेली आहे. पंगत देणारे गृहस्थ माळकरी आहेत आणि त्यांचा रस्त्यालगत पेट्रोल पंप आहे. संध्याकाळची पंगत, सकाळचा चहा-नाष्टा आणि दिंडीच्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल, हे सगळे त्यांच्याकडून. पैशाचे नाव काढले की ते कानांवर हात ठेवतात. त्या दिवशीही त्यांनी स्वतःच्या हाताने माझी टाकी भरली. संध्याकाळी पंगत बसली आणि पाऊस सुरू झाला. गाडी राहुटीबाहेर उभी होती, ती चार-पाच तास पावसातच राहिली.

रात्री अकराच्या सुमारास निरोप आला की तुळशी घेऊन चालणाऱ्या एका मावशींना उलट्या-जुलाब होत आहेत. वय सत्तरीच्या पुढचे. हातपाय गार पडलेले. आरोग्य पथकाची गाडी मागच्या गर्दीत अडकलेली होती आणि फोन लागेना. मी मावशींना गाडीवर बसवले, मागे त्यांची सून धरून बसली आणि आम्ही दवाखान्याकडे निघालो. तीनेक किलोमीटर गेलो असू. पाऊस वाढला, आणि गाडीने दिवे घाटातला तोच खेळ सुरू केला. झटके, फटफट आवाज, मग बंद. किक मारून मारून पोटरी भरून आली. रस्त्याकडेला चिंचेच्या झाडाखाली मावशींना बसवून सुनेने त्यांच्यावर कागद धरला आणि मी अंधारात हात करत उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी एक दुधाचा टेंपो थांबला. त्याने दोघींना दवाखान्यात नेले, सलाईन लागले, पहाटेपर्यंत मावशी सावरल्या. जीव वाचला, पण पुढे चालण्याची ताकद उरली नाही. डॉक्टरांनी घरी जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना एसटीत बसवताना त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ डोळ्यांना लावली आणि एवढेच म्हणाल्या, "कळस दिसला की माझा नमस्कार सांग." इतक्या वर्षांत त्यांची वारी कधी चुकली नव्हती. वारी चुकणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

टेंपो निघून गेल्यावर मी तिथेच उभा होतो. पाऊस थांबला होता. अर्ध्या तासाने सहज किक मारली तर गाडी पहिल्या किकेला चालू झाली! तेव्हा माझे डोके फिरले. परत येईपर्यंत मनात एकच गोष्ट ठरली होती: पेट्रोलमध्ये पाणी आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि वाटीतले पेट्रोल स्टीलच्या पेल्यात उतरवले. पेला हलवला तर तळाशी पाण्याचा टपोरा थेंब वेगळा लोळताना दिसला. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी खाली बसते. पुरावा हातात होता. तो पेला घेऊन मी त्या गृहस्थांसमोर उभा राहिलो. त्यांची मुले-सुना चहा वाटत होत्या, दिंडीतली दोनशे माणसे बसलेली होती. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एक वाक्य मात्र लिहितो, कारण तेच माझ्या जिव्हारी पुढे रुतले. मी म्हणालो, "फुकट देता म्हणून पाणी देता का?"

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माउली, आत्ता माझ्याबरोबर चला. टाकीत डिपची काठी सोडून बघू. पाणी असेल तर दिसेल."

मी म्हणालो, "काठी तुमची, टाकी तुमची. बघायचे काय?"

त्यावर त्यांनी हात जोडले आणि वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात तसे ते माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले.

वाचकहो, आपल्या संप्रदायात लहान-थोर, जात-पात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्यात पांडुरंग पाहायचा आणि डोके टेकवायचे. वाकलेल्या माणसासमोरून पाय मागे घेणे म्हणजे काय झाले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. डोक्यात तो पेला होता आणि त्यातला थेंब होता.

आषाढी झाली. कळसाला मावशींचा नमस्कार सांगितला. गावी परतल्यावर मी गाडीची पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर साफ केला, गावाजवळच्या पंपावरून नवे पेट्रोल भरले. चार दिवस ऊन होते, गाडी घोड्यासारखी पळाली. पाहा, पेट्रोलच खराब होते, असे मी चौघांना सांगून टाकले. पाचव्या दिवशी पाऊस आला आणि गाडीने पुन्हा दम सोडला. मग एअर फिल्टर बदलला. प्लग नवा टाकला. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. मनात कुठेतरी एक काटा टोचू लागला होता, पण मी तिकडे पाहत नव्हतो.

श्रावणात माझा भाचा घरी आला. तो गॅरेजमध्ये काम करतो. गळ्यात माळ नाही, एकादशीही धरत नाही. त्यावरून मी त्याला दरवेळी चार शब्द ऐकवतो. या वेळी मी गाडीचे गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. पान्याला हात लावायच्या आधी त्याने ओट्यावर बसून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"मामा, पहिल्यांदा असं कधी झालं?"

"दिवे घाटात."

"तेव्हा टाकीत पेट्रोल कुठलं होतं?"

"आपल्या गावचं."

"मग फलटणच्या पुढचा पंप कुठून आला?"

मी गप्प झालो. इतकी साधी गोष्ट! घाटातली घटना मला आठवत नव्हती असे नाही. पण पेला हातात घेऊन ओरडत होतो तेव्हा ती आठवावीशी वाटली नाही. राग आला की माणूस आपल्या बाजूचेच साक्षीदार बोलावतो.

भाच्याचा दुसरा प्रश्न त्याहून सरळ होता. "गाडी बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली म्हणता. पेट्रोलमधलं पाणी अर्ध्या तासात कुठे जाईल? ते तर तळाशीच बसणार. आपोआप वाळतं ते बाहेरचं पाणी. इंजिन गरम असतं, त्याच्या उष्णतेनं बाहेरची ओल उडून जाते."

"पण पेल्यात पाणी निघालं होतं ना!" मी म्हणालो. "ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"निघालं असेल. ते कुठून आलं तेही बघू. एका गाडीत दोन दोष असू शकतात, मामा."

तो म्हणाला, इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर मिळाल्या की गाडी चालते. पावसात यांपैकी काय बिघडते ते एकेक करून बघायचे, अंदाजाने सुटे भाग बदलत बसायचे नाही.

पहिल्यांदा त्याने तांब्याभर पाणी घेऊन बंद झाकणासकट टाकीवर ओतले. टाकीचे झाकण थोडे खोलगट जागेत बसलेले असते. पावसाचे पाणी तिथे साचू नये म्हणून त्या कडेला एक बारीक भोक असते आणि तिथून एक नळी टाकीच्या खाली निघते. माझ्या गाडीत पाणी तसेच डबक्यासारखे उभे राहिले. झाकणाचे रबर कडक होऊन चपटे पडले होते, त्यामुळे साचलेले पाणी हळूहळू आत टाकीत उतरत होते. भाच्याने बारीक तार घालून भोक उकरले. आतून काळा चिखल निघाला. त्याने तो बोटावर घेऊन माझ्यापुढे धरला. बुक्का, गंध आणि कुजलेली तुळशीची पाने!

मी रोज भक्तिभावाने ठेवलेले पान आणि लावलेला बुक्का पावसाने वाहून त्या भोकात बसला होता. पूजा मी रोज केली, पण पूजेची जागा कधी पुसली नव्हती. पेल्यातला तो थेंब पंपावरून आला नव्हता. पंगतीच्या वेळी गाडी चार-पाच तास पावसात उभी होती, तेव्हा माझ्याच टाकीच्या तोंडातून तो आत गेला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते थोडे पाणी आपल्यात सामावून घेते. पण पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, असेही भाच्याने सांगितले. म्हणजे टाकीत पाणी शिरू न देणे आता पूर्वीपेक्षाही महत्त्वाचे.

भोक मोकळे झाले, नवे रबर बसले, टाकी पुन्हा साफ झाली. मी म्हणालो, झाले. भाचा म्हणाला, "हा एक झाला. पेट्रोल आटोपलं. तुमचा नवा एअर फिल्टर कोरडा आहे, म्हणजे हवाही ठीक. ठिणगी बघायची राहिली. ती रात्री बघू."

"रात्री कशाला?"

"दिवसा दिसत नाही."

रात्री जेवणे झाल्यावर गाडी गोठ्यात घेतली. दिवा मालवला. दार मात्र उघडे ठेवले, कारण चालू गाडीचा धूर बंद जागेत जिवावर बेततो. भाच्याने गाडी चालू केली आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारतात त्या बाटलीने इंजिनाच्या एकेका भागावर फवारा मारू लागला. कॉइलवर मारला, गाडी तशीच चालू. वायरवर मारला, काही नाही. मग प्लगच्या टोपीवर फवारा गेला आणि गाडीने झटका खाल्ला. त्याच क्षणी मला दिसले: टोपीच्या बुडापासून इंजिनाच्या पात्यापर्यंत निळसर, दोऱ्यासारखी बारीक ठिणगी. तडतड असा अगदी हलका आवाज. पुन्हा फवारा, पुन्हा ती निळी रेघ.

"हात लावू नका," भाचा म्हणाला. "हजारो व्होल्ट असतात तिथं."

दिवा लावून टोपी काढली. उजेडात पाहिले तर केसाएवढी चीर. कोरड्या दिवसात ती चीर असून नसल्यासारखी. ओल आली की त्या चिरेतून विजेला सोपी वाट मिळायची. प्लगच्या टोकाशी, सिलिंडरच्या आत, जिथे ठिणगी पडायला हवी तिथे न पडता ती बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूवर उडून जायची.

"मग जागेवर उभी असताना कशी चालायची?" मी विचारले.

"मूठ पिळली की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल जातं, आत दाब वाढतो. जास्त दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. जागेवर असताना कमी जोर पुरतो, म्हणून ठिणगी आत पडते. चढावर, वजन असताना जोर लागतो, तेव्हा ती आतली अवघड वाट सोडून बाहेरची सोपी वाट धरते."

दुसऱ्या दिवशी त्याने वायरचे जुने टोक थोडे कापून नवी टोपी घट्ट बसवली, तिच्या तोंडाला सिलिकॉन ग्रीस लावले. दोनशे रुपयांच्या आत काम झाले. रात्री पुन्हा अंधारात फवारा मारून पाहिला. कुठेही निळी रेघ नाही.

गाडी दुरुस्त झाली. माझी झोप मात्र गेली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला तेरच्या गोरोबा काकांची कथा आठवली. आपण सगळ्यांनी ती कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबांचे थापटणे पाहून विचारले, हे काय? मडकी भाजली की कच्ची राहिली ते पाहायचे, असे उत्तर मिळाल्यावर त्या म्हणाल्या, मग आमचीही परीक्षा करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले, आणि गोरोबांनी सांगितले, हे मडके कच्चे आहे. साक्षात पांडुरंगाशी बोलणारे नामदेवराय! पण थापटणे लागेपर्यंत कोणालाच कळले नव्हते. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले, गुरुकृपा झाली, आणि त्या अधिकाराचा भक्त आज महाद्वारात पायरी होऊन सर्वांच्या पायांची धूळ मस्तकी घेतो आहे.

कीर्तनात ही कथा ऐकताना मी नेहमी मान डोलावत आलो. थापटणे आपल्याही डोक्यावर बसू शकते, असे कधी मनात आले नाही. माळ आहे, एकादशी आहे, हरिपाठ चुकत नाही, वारी आहे. कोरड्या दिवसात गाडी उत्तम चालते आहे. पण त्या रात्री ओल आली, चढ आला, वजन पडले आणि माझ्या तोंडातून नाम यायला हवे होते तेव्हा निंदा बाहेर पडली. चीर आधीपासून होतीच. आत वळायला जोर लागतो. बाहेर कोणावर तरी दोष टाकणे ही सोपी वाट असते. माझी सगळी शक्ती त्या सोप्या वाटेने उडून गेली. आणि मावशी चिंचेखाली थंडीने कुडकुडत बसल्या होत्या.

वारीत गाऱ्हाण्याची एक रीत आहे. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात, तेव्हा हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग तिकडे जाऊन ऐकून घेतात, निवाडा होतो आणि सगळ्यांना मान्य होतो. तक्रार मांडायलाही टाळाचाच आवाज. ही रीत दररोज डोळ्यांपुढे असताना मी मात्र अन्नदात्याच्या दारात, त्याच्या लेकी-सुनांसमोर पेला नाचवला आणि त्याचे म्हणणे तपासून पाहायलाही नकार दिला.

क्षमा मागायला हवी हे त्याच रात्री कळले. पण जायला महिना लागला. आता कुठे, पुढच्या वारीत वाट त्यांच्याच दारावरून आहे, तेव्हा बोलू, फोन करू, दिंडीतल्या कोणाकरवी सांगू. सोप्या वाटा किती असतात! शेवटी भाद्रपदातल्या एका एकादशीला, मुद्दाम पाऊस पाहून, त्याच गाडीवर निघालो. रस्ताभर पाऊस होता. गाडीने एकदाही झटका खाल्ला नाही, आणि दर मैलाला मला अधिकच लाज वाटत गेली.

गृहस्थ पंपावरच होते. मला पाहून उठले. "या माउली, भिजलात की! आधी चहा घ्या." मी चहाला हात लावला नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. टाकीचे भोक, बुक्क्याचा चिखल, टोपीची चीर, निळी रेघ. खिशातून ती जुनी टोपी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

ते बराच वेळ टोपीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही गेल्यावर मी दुपारपर्यंत पंप बंद ठेवला होता."

"का?"

"तुम्ही म्हणालात ना, पाणी आहे. मला वाटलं, दिंडीतला माणूस खोटं कशाला बोलेल? डिपच्या काठीला पेस्ट लावून तीन वेळा टाकीत सोडली. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. बदलला नाही. तरी मनाचं समाधान होईना. वारीचा दिवस, कोणाच्या गाडीत पाणी गेलं तर पाप लागेल. म्हणून दुपारपर्यंत कोणाला दिलं नाही."

वारीच्या दिवसांत रस्त्यावरून किती गाड्या जातात हे मला ठाऊक आहे. नुकसान किती झाले ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारू शकलो नाही. मी त्यांचे म्हणणे पळभरही खरे मानले नव्हते. त्यांनी मात्र माझे खोटे खरे मानून स्वतःची तीनदा तपासणी केली होती. त्या दोन माणसांत वारकरी कोण होता, हे सांगायची गरज नाही.

मी वाकलो. ते मला उठवता उठवता स्वतःच वाकले. या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत. घ्यावेसे फार वाटले, पण घेतले नाहीत.

मग ते मला आत घेऊन गेले. त्या दिवशी नाकारलेली ती काठी त्यांनी माझ्या हातात दिली, तिला पेस्ट लावली आणि म्हणाले, "सोडा तुम्हीच." मी म्हणालो, नको, विश्वास आहे. ते म्हणाले, "विश्वास आहे म्हणूनच बघा. रोज बघायचंच असतं." ते शब्द मी घरी घेऊन आलो.

पुढच्या आषाढीला मावशी पुन्हा डोक्यावर तुळस घेऊन आल्या. आळंदीत भेटल्यावर मी त्यांनाही सगळे सांगितले आणि म्हणालो, "मावशी, तुमची वारी माझ्यामुळे चुकली. गाडी वेळेवर पाहिली असती तर तुम्ही अर्धा तास आधी दवाखान्यात असता."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "अरे लेकरा, मी त्या झाडाखाली नाम घेत बसले होते. तू पलीकडं उभा राहून त्या पंपवाल्याला शिव्या देत होतास. मला वाटलं, माझं पोट बिघडलंय ते उद्या बरं होईल, याचं कधी होणार?"

यावर मी काय बोलणार!

आता आळंदीला निघण्याआधी मी आमच्या दिंडीतल्या सगळ्या जुन्या गाड्यांची तपासणी करतो. भाचाही येतो, माळेवरून त्याला बोलणे मी सोडले आहे. टाकीच्या झाकणाचे रबर पाहतो, कडेच्या भोकातून पाणी खाली निघते का ते तांब्याने ओतून पाहतो. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल विस्तवापासून दूर पेल्यात उतरवून तळाशी पाणी आहे का ते बघतो. एअर फिल्टर कोरडा आणि स्वच्छ असल्याची खात्री करतो. आणि रात्री दिवा मालवून प्लगची टोपी, वायर, कॉइल यांच्यावर पाण्याचा फवारा मारतो. गाडी कोरड्यात चालवून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. पावसात जायचे असेल तर ओली करूनच पाहावी लागते. तुळशीचे पान अजूनही ठेवतो. फक्त आता संध्याकाळी ते आठवणीने उचलतो आणि ती जागा फडक्याने पुसून घेतो.

गाड्या झाल्या की दिवा लावायच्या आधी मी घटकाभर त्या अंधारातच बसतो. आज कोणाला काय बोललो, कोणावर काय ढकलले, ते आठवतो. अजून कुठे कुठे निळी रेघ दिसते. दिसली की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी जायचे, महिना लावायचा नाही, एवढा नेम पांडुरंगाच्या कृपेने सध्या चालू आहे.

रामकृष्ण हरी!